कीप (keep) काढून रिटेन (retain) टाकायच्या आधी हे वाचा

(आमच्याकडून इंग्रजी अर्ज, ॲफिडेव्हिट, रेझ्युमे, एक्सपिरियन्स लेटर करून घेणाऱ्या सगळ्यांसाठी)

हे पत्रक छापायची वेळ का आली ते आधी सांगतो. आम्ही ड्राफ्ट करून व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतो, घरी कोणीतरी हुशार माणूस ती वाचतो आणि म्हणतो, हे काय, एका पानात तीन वेळा कीप, पाचवीच्या पोरासारखं इंग्रजी आहे. मग कीपवर राइट क्लिक, सिनॉनिम्स म्हणजे समानार्थी शब्दांची यादी, आणि त्यातला जो सगळ्यात भारी दिसेल तो उचलून टाकला. प्रिंट झाली, सही झाली, नोटरीचा शिक्का झाला आणि मग खिडकीपलीकडचा साहेब विचारतो की हे काय लिहून आणलंय. की परत आमच्याकडे. वर ड्राफ्ट आमचा म्हणून चूकही आमचीच.

एक खरा किस्सा, नाव गाव सोडून. एका दुकानाच्या अकाउंटंटला एक्सपिरियन्स लेटर हवं होतं. आम्ही लिहिलं, ही केप्ट द अकाउंट्स, म्हणजे हिशेब ठेवायचा. त्याने केप्ट काढून विथहेल्ड टाकलं, कारण यादीत ते होतं आणि दिसायला वजनदार. आता विथहेल्ड म्हणजे देणं लागत असताना रोखून धरलं, दाबून ठेवलं. मालकाने न वाचता शिक्का मारला आणि तो माणूस "मी तीन वर्षं हिशेब दाबून ठेवले" असं लेटर घेऊन नवीन नोकरीच्या इंटरव्ह्यूला गेला. दुसरा किस्सा ॲफिडेव्हिटचा, आई नोकरीला जायची म्हणून मुलगी आजीकडे ठेवलेली, आमच्या ड्राफ्टमध्ये साधं केप्ट विथ हर ग्रँडमदर होतं, ते झालं डिटेन्ड बाय हर ग्रँडमदर. म्हणजे आजीने नातीला डांबून ठेवलं! स्टँप पेपर वाया, नोटरी परत, बाईंची एक सुट्टी गेली आणि आमची अर्धी सकाळ.

सिनॉनिम म्हणजे जुळा भाऊ नाही, शेजारी आहे असं समजा. आपल्याच भाषेत बघा ना. ठेवणे, राखणे, पाळणे, सांभाळणे, जपणे, बाळगणे, टिकवणे, सगळे एकाच आळीतले. पण शब्द पाळतात, शस्त्र बाळगतात, गुरं राखतात आणि आठवण जपतात. कोणी "कुत्रा बाळगलाय आणि बंदूक पाळली आहे" म्हणालं तर तुम्ही हसाल की नाही? इंग्रजी वाचणारा तसाच हसतो, फक्त तोंडावर हसत नाही, अर्ज बाजूला ठेवतो. आणि गंमत म्हणजे आपल्याला ज्याला एवढे शब्द लागतात ते इंग्रजी माणूस एकट्या कीपवर भागवतो. कीप अ प्रॉमिस, कीप अ डॉग, कीप अ डायरी, कीप अ सीक्रेट. तिथे कीप हाच नेहमीचा शब्द आहे, गरिबीचं लक्षण नाही.

मग बाकीचे शब्द कशाला आहेत? आहेत, त्यांचं काम असतं तिथे आम्हीही वापरतो. रिटेन म्हणजे हातात आहे किंवा हातात आलंय ते सोडायचं नाही. आयपीएलच्या लिलावाआधी टीम खेळाडू रिटेन करते ते हेच. म्हणून "तपासून झाल्यावर ओरिजिनल परत करा, झेरॉक्स तुमच्याकडे राहू द्या" इथे रिटेन शोभतं. पण पासपोर्ट फक्त दोन दिवस सांभाळा म्हणायचंय आणि तिथे रिटेन घातलं तर वाचणाऱ्याला वाटेल की खुशाल ठेवून घ्या म्हणतोय. प्रिझर्व्ह म्हणजे खराब किंवा नष्ट होऊ द्यायचं नाही, पुरावा प्रिझर्व्ह करतात, जुनी हस्तलिखितं करतात, फळांचं करतात तेव्हा त्याचा जॅम होतो. वचन प्रिझर्व्ह करत नाहीत. निकाल राखून ठेवला याला रिझर्व्ह्ड.

मेंटेनचं जरा जास्त सांगावं लागेल, कारण इथे कोर्टाजवळ तो शब्द रोज फिरतो. मेंटेन म्हणजे चालू स्थितीत राखणं, म्हणून सोसायटीचा मेंटेनन्स. पण कोर्टात मेंटेनन्स म्हणजे पोटगी, पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यामुळे "आई माझ्याकडे राहते" एवढंच सांगायचं असेल तर आय मेंटेन माय मदर लिहू नका, त्याचा अर्थ तिच्या खर्चाचा भार मी उचलतो असा होतो. खरंच उचलत असाल तर लिहू, पण मग ते जाणूनबुजून लिहू.

रिटेन, मेंटेन, डिटेन हे तिघं लॅटिनमधल्या "धरणे" या एकाच धातूतून आलेत. सख्खे भाऊ, पण एक बँकेत, एक बिल्डिंगच्या दुरुस्तीवर आणि एक पोलिसात. घरचं आडनाव एक म्हणून एकाच्या जागी दुसऱ्याला ड्युटीवर पाठवता येत नाही.

आणि काही ठिकाणी तर कीप हलवताच येत नाही. कीप मी इन्फॉर्म्ड, कीप इन माइंड, कीप ट्राइंग. रिटेन मी इन्फॉर्म्ड असं लिहिलेला अर्ज आमच्याकडे आलाय, त्यावर जास्त बोलत नाही.

उलटी चूकही होते, म्हणजे मराठीत ठेवणे दिसलं की इंग्रजीत कीप. टेबलावर फाइल ठेवली हे पुट, आपल्याकडे केप्ट ऑन द टेबल म्हटलं तरी सगळ्यांना कळतं पण बाहेरच्या देशात जाणाऱ्या कागदात आम्ही ते बदलतोच. विश्वास ठेवणे म्हणजे ट्रस्ट, सोनं गहाण ठेवणे म्हणजे प्लेज, बँकेतली ठेव तर डिपॉझिट. नावं ठेवणे याचं इंग्रजी विचारू नका, ते आम्हाला रोज फुकट मिळतं.

अजून एक, कीप हे नाम म्हणून स्वतःच्या मनाने वापरू नका. अर्न युअर कीप म्हणजे पोटापुरतं कमावणं, ते ठीक. किल्ल्याच्या बाबतीत कीप म्हणजे साधारण आपला बालेकिल्ला, तेही ठीक. पण आपल्याकडच्या इंग्रजीत बाईसाठी कीप म्हटलं की रखेल, आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात हा शब्द आला तेव्हा ज्येष्ठ वकील इंदिरा जयसिंग यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला होता. घरगुती वादाच्या कागदात असा शब्द गेला तर काय होईल विचार करा.

आता आमच्या पद्धतीबद्दल, कारण त्यावरूनही नाराजी असते. आम्ही आधी पीडीएफ पाठवतो, वर्ड फाइल मागितल्यावरच देतो. हा आखडूपणा नाही, वरचे दोन किस्से वर्ड फाइलचेच आहेत. "एवढं सोपं इंग्रजी लिहायला पैसे कशाला" असंही कोणी म्हणतं. अहो, तुमचा कागद वाचणाऱ्याच्या टेबलावर असे पन्नास कागद असतात, त्याला एका नजरेत कळलं पाहिजे, आणि तसं लिहायला आम्हाला जास्त वेळ लागतो. मोबाइलवरच्या एआयला "हे प्रोफेशनल कर" सांगितलं तरी बऱ्याचदा हेच होतं, कीप जातं आणि रिटेन येतं. करा खुशाल, पण छापायच्या आधी आम्हाला दाखवा.

एखादा शब्द खटकला तर पीडीएफवर त्याला गोल करा आणि फोटो पाठवा, शेजारी मराठीत लिहा की तुम्हाला काय म्हणायचंय. दोन वेळा बदल ठरलेल्या पैशातच आहेत. दुसरीकडून करून आणलेला ड्राफ्टही आम्ही तपासून देतो, त्याचे पैसे नव्या ड्राफ्टच्या निम्मे. नोटरी झाल्यानंतरचा बदल मात्र नवीन काम धरला जाईल, आणि त्यासाठी सकाळी कोर्ट उघडायच्या गर्दीत येऊ नका, दुपारी चारनंतर या, बसून बोलता येतं.