मानद पद म्हणजे पगार आणि बंगला?

‘लोककलावंताला मानद सांस्कृतिक दूत नेमलं की महिन्याला लाखभर पगार, बंगला आणि लाल दिव्याची गाडी मिळते,’ असा मेसेज लालबाग-गिरगावच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. नेमणुकीचं पत्र सरकारी मोहोरेचं असतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

पण ‘मानद’ या शब्दातच उत्तर आहे: पद मानाचं, पगाराविना. प्रवासखर्च किंवा बैठकीचा भत्ता मिळू शकतो, मात्र तो आदेशात लिहिलेला असावा लागतो. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाडीवर नाही.

खात्री करायची तर राज्य शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ उघडा, पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभाग निवडा. आदेशात मुदत आणि भत्त्याची ओळ वाचा. शेवटी छापलेला संकेतांक टाकून तो खरा आहे का तेही पाहता येतं. सापडला नाही, तर १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

हे मी कळकळीनं लिहितोय, कारण अशा मेसेजपायी ढोलकीवाल्याला ‘तुम्हाला आता सरकार देतंय की’ म्हणून सुपारीचे, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमाचे, पैसे कमी दिले जातात. त्याचं घर त्या सुपारीवरच चालतं.