साठ की आठ? हॅम रेडिओवरच्या आवाजाचं मोजमाप

पावसाळ्याआधीचा आमचा हॅम मंडळींचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, आपत्तीत निरोप पोचवण्याचा सराव होता. मी दादरच्या एका इमारतीच्या गच्चीवर, हातात वॉकीटॉकीसारखा छोटा हॅम सेट, त्याला पावसापासून जपायला प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. निरोप दिला, "साठ चादरी लागतील." कुर्ल्याला बसलेल्या मित्राने वहीत लिहिलं, आठ. शेजारी माझ्या सिग्नलचा रिपोर्ट लिहिला, फाइव्ह नाइन. म्हणजे शब्द स्पष्ट, ताकद भरपूर.

तो रिपोर्ट मला त्या चुकीपेक्षाही जास्त लागला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहराचे फोन गप्प झाले. तसा दिवस पुन्हा आला, तर अशाच एका अक्षरापायी ५२ माणसं चादरीवाचून राहतील. आणि सिग्नल मात्र उत्तम होता, असंच सगळे सांगतील.

पिशवीचा दोष होताच. पण 'साठ'चा 'आठ' का होतो, ते आधी पाहू. 'स' हा कंठातून येणारा नाद नाही, दातांमागून सुटलेली हवेची सळसळ आहे. तिची बहुतेक ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते. आपला सेट मात्र साधारण ३०० ते २७०० किंवा ३००० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवतो. म्हणजे रेडिओवरून आपण खरा 'स' कधी ऐकतच नाही. त्याची शेपटी ऐकतो, आणि पुढच्या 'आ'ला त्याने दिलेलं वळण ऐकतो. 'श' जरा खालच्या पट्टीत असतो, म्हणून तो त्यामानाने तगतो. या शेपटीवर प्लास्टिक बसलं, किंवा खालच्या घुमाऱ्याने ती झाकली गेली, की 'साठ'चा 'आठ' झालाच. 'पंचवीस' आणि 'पस्तीस' यांचंही तेच. आपले आकडे रेडिओच्या दृष्टीने फार नाजूक आहेत.

बेल लॅबोरेटरीजमध्ये हार्वे फ्लेचर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टेलिफोनसाठी हेच तपासलं होतं. बोलण्यातला खालचा भाग कापला तर आवाजाचा जोर बराच जातो, पण शब्द बऱ्यापैकी कळतात. वरचा भाग कापला तर जोर टिकतो, शब्द जातात. आपल्याकडे "मॉड्युलेशन मस्त आहे, भरदार आहे" असं ज्याचं कौतुक होतं, तो भरदारपणा बहुतेक वेळा खालच्या भागातला असतो. मला स्वतःला असा भरदार आवाज नेटवर, म्हणजे सगळे हॅम ठरवून एकत्र येऊन निरोप देतात तिथे, नको वाटतो. गप्पांना छान, निरोपाला वाईट.

सरावानंतरच्या रविवारी मी घरातले चारही सेट टेबलावर मांडले. दोन एफएमचे, एक हातातला आणि एक गाडीतला. दोन एसएसबीचे, म्हणजे सिंगल साइडबँड या वेगळ्या पद्धतीचे, त्यातला एक लॅमिंग्टन रोडवरून जुना घेतलेला. चारही एकाच माणसाचा आवाज पाठवतात, तर ऐकणाऱ्याला तो एकाच माणसाचा वाटायला हवा. सेट बदलला म्हणून समोरच्याने व्हॉल्यूम फिरवायचा, कान टवकारायचा, हे बरोबर नाही.

स्वतःच्या कानावर इथे विसंबता येत नाही. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आहे त्याहून जाड वाटतो. सेटचा मॉनिटर लावावा, तर बऱ्याच सेटमध्ये तो शेवटच्या अँप्लिफायरच्या आधीचा आवाज ऐकवतो. पुढे जे बिघडतं ते त्यात येत नाही. आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे मोठेपणा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान झाला की कानाला त्यातला खर्ज जास्त कमी ऐकू येतो. म्हणून दोन रेकॉर्डिंगांत जरा मोठं असलेलं कानाला 'छान' वाटतं. आधी पातळी सारखी करायची, मगच कोणता आवाज बरा ते ठरवायचं. हा क्रम उलटा झाला की सगळी तुलना वाया जाते.

माझी पद्धत साधी आहे. एकवीस ते नव्वद आकडे मी एकदा सावकाश वाचून मोबाइलवर रेकॉर्ड केले. पाटावर पेन्सिलीने दोन खुणा केल्या, एक मोबाइलच्या स्पीकरसाठी, एक माइकसाठी. सेटला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे सिग्नल बाहेर जाऊन कोणाला त्रास नको. पलीकडच्या खोलीत लॅपटॉपला लावलेला यूएसबी डोंगल रिसीव्हर, त्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, हाताने एका जागी ठेवलेला, आपोआप कमी-जास्त होणारा नाही. पंखा बंद. मोबाइलचा स्पीकर स्वतः काही फार इमानदार नसतो, पण चारही सेटना तोच लावला की सेटांमधला फरक खरा निघतो. वजनकाट्याचं माप थोडं चुकलेलं असलं, तरी दोन आंब्यांत जड कोणता ते कळतंच, तसं.

पहिल्याच मोजणीत हातातला एफएम सेट गाडीतल्या सेटपेक्षा ६ डेसिबलने बारीक निघाला.

इथे एफएमची एक गंमत सांगायला हवी. एफएमवर आवाज किती मोठा ऐकू येईल, ते वॅटवर ठरत नाही. ५ वॅटचा सेट आणि ५० वॅटचा सेट, दोघांचा सिग्नल नीट पोचत असेल तर आवाज सारखाच येतो. वॅट वाढवले की फक्त खरखर कमी होते. आवाजाचा मोठेपणा ठरतो तो वाहक लहर, म्हणजे आवाज वाहून नेणारी रेडिओ लहर, मूळ जागेपासून किती किलोहर्ट्झ इकडेतिकडे हलते, म्हणजे डेव्हिएशनवर. रुंद एफएमला ते जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्झ असतं, अरुंद एफएमला २.५. निम्मं डेव्हिएशन म्हणजे बरोबर ६ डेसिबल कमी. मी मेन्यू उघडला, आणि तिथे 'नॅरो' निवडलेलं होतं. एक बटण. गच्चीवर मी ओरडून बोललो असतो तरी उपयोग नव्हता, कारण सेटमधला लिमिटर ठरलेल्या हद्दीपुढे डेव्हिएशन जाऊच देत नाही. ओरडलं की आवाज फक्त फाटतो.

पण गाडीतला सेट तरी खरोखर ५ किलोहर्ट्झवर होता का? यासाठी महागडं उपकरण लागत नाही, आणि ही युक्ती मला रेडिओतल्या सगळ्या युक्त्यांत सुंदर वाटते. माइकमधून २०७९ हर्ट्झचा एकच शुद्ध सूर सोडायचा, अगदी बारीक. लॅपटॉपच्या पडद्यावर मधोमध वाहक लहरीची ठळक रेघ दिसते, दोन्ही बाजूंना २०७९ हर्ट्झवर पुसट रेघा. सूर हळूहळू वाढवत न्या. बाजूच्या रेघा जाड होतात, त्यांच्यापलीकडे नव्या उगवतात, आणि मधली मात्र बारीक होत जाते. मग एका क्षणी ती चक्क नाहीशी होते. सेट चालू आहे, ताकद तेवढीच आहे, पण मध्यभागी काहीच नाही. सगळी ऊर्जा बाजूंना गेलेली. त्याच क्षणी डेव्हिएशन ५ किलोहर्ट्झ असतं, कारण ५००० भागिले २०७९ म्हणजे २.४०५, आणि या आकड्यालाच मधल्या रेघेची ताकद सांगणारं गणित, बेसेलचं फलन, पहिल्यांदा शून्य होतं. अरुंद एफएमसाठी सूर १०४० हर्ट्झचा घ्यायचा. सुरुवात मात्र बारीक सुरापासूनच करायची, नाहीतर दुसरं शून्य पहिलं समजून फसाल.

फ्रीडरिश बेसेल हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ. १८३८ मध्ये त्याने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर मोजलं. ग्रहांच्या गतीचा अभ्यास करताना त्याने जे गणित तपशिलात मांडलं, त्याने आज मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये वॉकीटॉकीचा आवाज जुळवता येतो, याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

एसएसबीच्या सेटची तऱ्हा वेगळी. तिथे वाहक लहरच नसते, आवाज जसा तशी ताकद. माइक गेन जास्त झाला की एएलसी, म्हणजे सेटमधला आपोआप आवर घालणारा भाग, ताकद मागे खेचतो, आणि ते आवरेनासं झालं की लहरींचे माथे चेपतात. हे पकडायला ७०० आणि १९०० हर्ट्झचे दोन सूर एकदम सोडतात. अँप्लिफायर सरळ असेल तर पलीकडे दोनच सूर निघतील. वाकडा असेल तर तिसरा निघतो: १९०० ची दुप्पट वजा ७००, म्हणजे ३१०० हर्ट्झ. आणि दुसऱ्या अंगाला, ७०० ची दुप्पट वजा १९००, म्हणजे उणे ५००. हा तर आपल्या पट्ट्याच्या बाहेर, शेजाऱ्याच्या जागेत जाऊन पडतो. रविवारी सकाळी ४० मीटरच्या हॅम पट्ट्यावर गर्दी असते तेव्हा शेजाऱ्याला ऐकू येणारी ती गुरगुर हीच. माझ्या जुन्या सेटचा माइक गेन अर्ध्यावरून पाव केला तेव्हा ती खाली बसली. मीटरवरचा काटा कमी उडायला लागला, पण पलीकडे शब्द जास्त कळू लागले.

स्पीच प्रोसेसर मी फार थोडा ठेवतो. तो बारीक आवाज उचलतो, हे खरं, पण बोलणं थांबलं की छताचा पंखा, खालचा रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी, सगळं त्याच जोराने उचलतो.

एकच माइक चारही सेटना लावावा, असं मनात येतं. इथे जपून. आयकॉम, केनवूड आणि येसूच्या बऱ्याच सेटना तोच गोल ८ पिनांचा प्लग बसतो, पण आतली जोडणी वेगळी. आयकॉम आणि केनवूडमध्ये आवाज पहिल्या पिनवर, येसूमध्ये आठव्या. आयकॉमच्या दुसऱ्या पिनवर ८ व्होल्ट असतात, आणि केनवूडमध्ये तीच पिन बोलण्याचं बटण आहे. प्लग बसतो म्हणून लावून पाहू नका, आधी मॅन्युअल उघडा. हेडसेटचा आवाज फार मोठा पडत असेल तर १० किलोओहम आणि १ किलोओहम अशा दोन रेझिस्टरांनी तो सुमारे २१ डेसिबलने उतरतो. दोन-चार रुपयांचं काम आहे.

आणि अंतर. माइक तोंडापासून ७ सेंटीमीटरऐवजी ५ वर धरला की आवाज जवळजवळ ३ डेसिबलने वाढतो. सेट जुळवण्यात घालवलेली अख्खी दुपार हातातला माइक इकडेतिकडे झाला की फुकट. म्हणून मी अंगठा आणि करंगळी ताणून नाही, तर तीन बोटं आडवी धरून माइकचं अंतर ठेवतो, आणि थेट समोर न बोलता जरा बाजूने बोलतो, म्हणजे 'प' आणि 'फ'चा फुत्कार त्यात जात नाही.

चारही सेटवर आता चिकटपट्टी आहे. तिच्यावर माइक गेन, रुंद की अरुंद, आणि मोजल्याची तारीख. ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजतो, कारण पावसाळ्यात आपल्या खाऱ्या दमट हवेने प्लगच्या पिना काळ्या पडतात आणि आवाज हळूच उतरतो, रोज ऐकणाऱ्यालाही कळत नाही असा. गच्चीवरच्या सेटला आता पिशवी नाही. तो छत्रीखाली धरतो. मागच्या सरावात कुर्ल्याच्या मित्राला मी चारही सेटवरून वीस-वीस आकडे वाचून दाखवले, आणि त्याने काय लिहिलं ते फोनवर त्याच्याकडून परत वाचून घेतलं. ऐंशीपैकी एक चुकला, हातातल्या सेटवर: 'पंचवीस'चा 'पस्तीस'. त्या सेटच्या माइकचं भोक पुढच्या रविवारी उघडून बघायचं आहे.