भारतीय हवाई दल : आधुनिकीकरण आणि सेवा

जुनी विमाने, क्षेपणास्त्रे, रडार आणि संपर्कयंत्रणा टप्प्याटप्प्याने बदलणे आणि त्या बदलासाठी माणसे घडवणे, या दोन्ही गोष्टी मिळून हवाई दलाचे आधुनिकीकरण होते. खरेदीचे आकडे बातम्यांत गाजतात, दुसरा भाग सहसा मागे पडतो. लढाऊ विमान चाळीस-चाळीस वर्षे सेवेत राहते. तेवढ्यात ते उडवणाऱ्यांच्या आणि राखणाऱ्यांच्या दोन पिढ्या निवृत्त होतात. मिग-२१ हे विमान १९६३ मध्ये आले आणि २०२५ मध्ये गेले, म्हणजे ६२ वर्षे टिकले. त्यामुळे हवाई दलात जुने आणि नवे नेहमी शेजारीशेजारीच नांदते, आणि तिथे नोकरी करणाऱ्याची बहुतेक वर्षे या संक्रमणातच जातात.

पार्श्वभूमी

हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. पहिली स्क्वॉड्रन (विमानांची तुकडी) १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिघ रोड येथे चार वापिती विमानांवर उभी राहिली. तिथल्या तंत्रज्ञांना ‘हवाई सिपाई’ म्हणत. १९४५ मध्ये नावामागे ‘रॉयल’ लागले, ते प्रजासत्ताकाबरोबर १९५० मध्ये गेले. पहिल्या तुकडीतले सुब्रोतो मुखर्जी १९५४ मध्ये दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

स्वातंत्र्यानंतर विमाने जिथून मिळाली तिथून घेतली गेली : ब्रिटनची व्हँपायर, हंटर, कॅनबेरा आणि नॅट, फ्रान्सची ‘तुफानी’ आणि मिस्टेअर, साठच्या दशकापासून सोव्हिएत मिग आणि सुखोई. राजकीयदृष्ट्या हे शहाणपणाचे होते, कारण एका देशाने हात आखडला तरी सगळा ताफा जमिनीवर बसत नसे. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या दुरुस्तीच्या जागी, मात्र त्याची किंमत मोजावी लागली. ब्रिटिश विमानाचे मोजमाप इंचांत आणि सोव्हिएत विमानाचे मिलिमीटरमध्ये, त्यामुळे नटबोल्ट फिरवायचे पाने वेगळे, पुस्तिका वेगळ्या, सुट्या भागांची साखळीही वेगळी. हा खिचडी ताफा आजही आहे. सुखोई-३०, राफेल, मिराज-२०००, मिग-२९, जग्वार आणि तेजस एकाच दलात उडतात आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र प्रशिक्षित कारागीर लागतात.

इंजिनाचा प्रश्न

स्वदेशी लढाऊ विमानाच्या भारतीय प्रयत्नांची कहाणी मुळात इंजिनाची कहाणी आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या आराखड्यावर बंगळुरूमध्ये एचएफ-२४ ‘मरुत’ तयार झाले आणि १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडाले. सांगाडा स्वनातीत (ध्वनीपेक्षा जास्त) वेगासाठी आखलेला होता, पण त्या ताकदीचे इंजिन मिळालेच नाही. ऑर्फियस इंजिनावर मरुतला ध्वनीचा वेग गाठणे जमले नाही. १९७१ च्या युद्धात राजस्थान आघाडीवर या विमानाने चांगली कामगिरी केली, तरी त्याचा वंश पुढे चालला नाही.

तेजसच्या वेळी हाच पेच पुन्हा आला. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, मिग-२१ ची जागा भरणे हा त्याचा हेतू. त्यासाठी ‘कावेरी’ हे देशी इंजिन करायला घेतले, पण ते हवी तेवढी ताकद देईना, म्हणून २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. ४ जानेवारी २००१ चे पहिले उड्डाण अमेरिकी एफ-४०४ इंजिनावरच झाले होते. पहिली तेजस स्क्वॉड्रन (क्रमांक ४५, ‘फ्लाइंग डॅगर्स’) १ जुलै २०१६ रोजी उभी राहिली, म्हणजे मंजुरीनंतर ३३ वर्षांनी. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क-१ए (तेजसची सुधारित आवृत्ती) विमानांचा करार झाला आणि इंजिनांचा पुरवठा रखडला. पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांसाठी ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. तेजसचे संगणकीय उड्डाणनियंत्रण आणि कॉम्पोझिटचे (हलक्या, मजबूत मिश्र पदार्थांचे) अंग ही खरोखर मोठी कमाई आहे. तिला उणे लेखण्याचे कारण नाही. पण दुसऱ्याच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानाचे वेळापत्रकही दुसऱ्याच्याच हाती राहते.

स्क्वॉड्रनांची संख्या

मंजूर बळ ४२ लढाऊ स्क्वॉड्रनांचे आहे. एका स्क्वॉड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमाने असतात. मिग-२१ निवृत्त झाल्यावर प्रत्यक्षात २९ उरल्या. विमाने गेलेली स्क्वॉड्रन लगेच मोडीत काढत नाहीत, तिचा क्रमांक, बोधचिन्ह आणि मानचिन्हे राखून ठेवतात. दलाच्या बोलीत याला ‘नंबर-प्लेट होणे’ म्हणतात. क्रमांक १७ ‘गोल्डन ॲरोज’ स्क्वॉड्रन अशी नंबर-प्लेट झाली होती, ती राफेलसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा जिवंत करण्यात आली.

राफेलचा मार्ग सरळ नव्हता. १२६ मध्यम लढाऊ विमानांची निविदा २००७ मध्ये निघाली. चाचण्या आणि वाटाघाटींत आठ वर्षे गेली आणि २०१५ मध्ये ती गुंडाळली गेली. त्याऐवजी सप्टेंबर २०१६ मध्ये फ्रान्सशी थेट ३६ विमानांचा करार झाला. पहिली पाच राफेल २९ जुलै २०२० रोजी अंबाल्याला उतरली. आज ताफ्याचा कणा मात्र सुखोई-३० एमकेआय आहे. अशा २७२ विमानांची मागणी नोंदवली गेली आणि त्यांपैकी बहुसंख्य नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधली. भारतीय हवामानाला आणि गरजांना जुळवून घेतलेले हे विमान २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर दाखल झाले. जानेवारी २०२० मध्ये तंजावर येथे ब्राह्मोस क्षेपणास्त्र वाहणाऱ्या सुखोईंची स्वतंत्र स्क्वॉड्रन उभी राहिली.

जुन्यावर नवे चढवणे

नवे विमान येईपर्यंत जुने धारदार ठेवणे हा आधुनिकीकरणाचा दुर्लक्षित पण सर्वांत उपयुक्त मार्ग आहे. १९९९ चे कारगिल युद्ध याचे उत्तम उदाहरण. मे महिन्याच्या शेवटी मिग विमाने आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर गमवावे लागले, तेव्हा अशा उंच डोंगरांवर खालून उडत, खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात जाणे परवडणार नाही हे स्पष्ट झाले. मिराज-२००० हे १९८५ पासून ताफ्यात होते. त्यावर लेझर-निर्देशक पॉड (लक्ष्यावर लेझर किरण रोखणारे, विमानाखाली लावायचे उपकरण) आणि लेझरने मार्गदर्शित होणारे बॉम्ब बसवण्याचे काम युद्ध चालू असतानाच काही आठवड्यांत पुरे झाले. २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर त्यांनी अचूक मारा केला. विमाने तीच होती, डोळे आणि नेम नवे होते. त्या वेळी दलाचे नेतृत्व एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस यांच्याकडे होते.

पुढे मिग-२१ चे ‘बायसन’, जग्वारचे ‘डॅरिन’ आणि मिग-२९ व मिराज यांचेही सुधारित अवतार आले. नवे रडार, नवे कॉकपिट, नवी शस्त्रे, सांगाडा जुना. ही जोड किती काळ लावायची, याची मर्यादा कधीच स्पष्टपणे ठरली नाही, आणि तिथेच जीव गेले. २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत नष्ट झाली होती आणि त्यांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. सारा दोष विमानाच्या माथी मारणे सोयीचे असले तरी अर्धवट खरे आहे. संथ शिकाऊ विमानावरून निघालेला तरुण थेट अतिवेगवान मिगवर बसत असे. मधली पायरी हवी, असे अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँटेन समितीने १९८२ मध्येच सांगितले होते. या मधल्या पायरीसाठीच्या ‘हॉक’ प्रशिक्षक विमानांचा करार व्हायला २००४ उजाडले आणि बिदरला ती २००८ मध्ये आली.

विमानापलीकडचे आधुनिकीकरण

गेल्या वीस वर्षांत सर्वांत मोठा फरक विमानांच्या मधल्या जोडणीत पडला आहे. २००९ मध्ये इल्युशिन-७६ या मालवाहू विमानावर बसवलेली फाल्कन टेहळणी यंत्रणा आली, नंतर देशी ‘नेत्र’. जमिनीवरची आणि हवेतली रडारे ‘आयएसीसीएस’ या एकत्रित हवाई नियंत्रण यंत्रणेत गुंफली गेली, त्यामुळे एका ठिकाणी बसून संपूर्ण आघाडीचे आकाश एका पडद्यावर पाहता येते. २०१८ मध्ये रशियाशी एस-४०० या लांब पल्ल्याच्या विमानवेधी क्षेपणास्त्र यंत्रणेच्या पाच संचांचा करार झाला. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरमध्ये ही यंत्रणा, देशी ‘आकाश’ क्षेपणास्त्रे आणि जुन्या विमानवेधी तोफा एकत्र वापरल्या गेल्या. लढाऊ विमाने मुख्यतः आपापल्या हद्दीत राहून नजरेपलीकडून क्षेपणास्त्रे सोडत होती. हवेत इंधन भरणारी विमाने मात्र अजून २००३ पासूनची सहा इल्युशिन-७८ एवढीच आहेत. एवढ्या मोठ्या दलाच्या मानाने ही संख्या फारच तोकडी आहे.

मालवाहतुकीत सी-१३०जे (२०११) आणि सी-१७ (२०१३) यांनी चित्र पालटले. ऑगस्ट २०१३ मध्ये सी-१३०जे लडाखमधल्या, चीन सीमेजवळच्या दौलत बेग ओल्डी धावपट्टीवर उतरले. जुन्या ॲव्हरो मालवाहू विमानांच्या जागी ५६ सी-२९५ येत आहेत, त्यांपैकी ४० वडोदऱ्याला बनणार आहेत. हेलिकॉप्टरांत चिनूक, अपाचे आणि देशी ‘प्रचंड’ आली, पण सियाचीनच्या चौक्या अजून बरीच वर्षे जुन्या चीता-चेतकच्याच भरवशावर आहेत.

सेवेत येणे

अधिकारी होण्याचे मुख्य दोन रस्ते. बारावीनंतर एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षा, किंवा पदवीनंतर ‘एएफकॅट’ ही हवाई दलाची प्रवेशपरीक्षा. दोन्हींनंतर निवड मंडळासमोर मुलाखत, एनडीएवाल्यांना खडकवासल्याची तीन वर्षे, आणि मग हैदराबादजवळच्या दुंडीगल येथील वायुसेना अकादमी. उड्डाणशाखेसाठी संगणकीय वैमानिक-कलचाचणी असते. ती एकदाच देता येते. त्यात नापास झालेल्याला पुन्हा संधी नाही, मग बाकी गुण कितीही असोत. दुंडीगलला पिलाटस या प्राथमिक प्रशिक्षक विमानावर सुरुवात, मग किरण हे प्रशिक्षक जेट, मग हॉक आणि शेवटी स्क्वॉड्रन. पिलाटसच्या जोडीला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची ७० एचटीटी-४० विमाने २०२३ च्या करारानुसार येणार आहेत.

महिला १९९० च्या दशकात उड्डाणशाखेत आल्या, पण हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमानांपुरत्या. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग लढाऊ शाखेत रुजू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी जामनगरहून एकट्याने लढाऊ विमान उडवले. देशात हे प्रथमच घडत होते, आणि ते विमान होते ताफ्यातले सर्वांत जुने : मिग-२१ बायसन.

संख्येने मोठा वर्ग एअरमनांचा, म्हणजे अधिकारी नसलेल्या सैनिक-तंत्रज्ञांचा. पूर्वी त्यांची पहिली नेमणूक वीस वर्षांची असे. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेपासून भरती ‘अग्निवीर वायू’ म्हणून चार वर्षांसाठी होते. मासिक मानधन पहिल्या वर्षी ३०,००० आणि चौथ्या वर्षी ४०,००० रुपये, शेवटी सेवानिधी (एकरकमी रक्कम), पेन्शन नाही. २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. सरासरी वय कमी होईल, हा योजनेमागचा हेतू समजण्याजोगा आहे. पण इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारा सार्जंट चार वर्षांत तयार होत नाही, आणि हवाई दलाला पायदळापेक्षा अशा माणसांची गरज जास्त आहे.

हँगरमधली शिस्त

प्रत्येक विमानाला एक नोंदवही असते, तिला ‘फॉर्म ७००’ म्हणतात. उड्डाणापूर्वी ज्याने इंजिन पाहिले तो, ज्याने शस्त्रे लावली तो, ज्याने इलेक्ट्रॉनिक्स तपासले तो, असा प्रत्येक जण आपापल्या रकान्यात सही करतो. शेवटी वैमानिक सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. परत आल्यावर काय बिघडले, हेही त्यातच लिहितो. विंग कमांडरसारख्या वरिष्ठ अधिकाऱ्यालाही कॉर्पोरलच्या, म्हणजे खालच्या हुद्द्यावरच्या एअरमनच्या, सहीवाचून उडता येत नाही. लष्करी उतरंड काटेकोर पाळणाऱ्या संस्थेत हा विश्वासाचा उलटा प्रवाह नवख्याला चकित करतो.

रोजची देखभाल स्क्वॉड्रनमध्ये, त्याहून मोठी तळावरच्या दुरुस्ती विभागात, आणि संपूर्ण ओव्हरहॉल (विमान उघडून केलेली सर्वंकष दुरुस्ती) बेस रिपेअर डेपोत होते. या सगळ्यावर देखरेख करणाऱ्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. ओझरचा डेपो मिग-२९ आणि सुखोई उघडून पुन्हा जोडतो. नवा प्रकार आला की तंत्रज्ञांची एक तुकडी उत्पादकाकडे शिकायला जाते, परतून इतरांना शिकवते, आणि दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम निघाला की ते ज्ञान दुसऱ्या तळावर जाते. कुटुंबेही त्याबरोबर हलतात. मुलांच्या शाळा बदलतात आणि घरातले सामान वर्षानुवर्षे काळ्या ट्रंकांतच राहते.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ चा निरोपसमारंभ झाला. हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनी स्वतः ते उडवले आणि नंतर विमानाचा फॉर्म ७०० संरक्षणमंत्र्यांच्या हाती सुपूर्द केला. १७ ऑक्टोबरला, जिथे एके काळी मिग-२१ बांधली जात होती त्या ओझरच्या धावपट्टीवरून, नाशिकमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले.