चार तळहातांएवढं रबर

जर्मनीतल्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकची एक फेरी २०.८ किलोमीटरची असते. आयफेलच्या डोंगराळ जंगलातून तो असा वळत, चढत, उतरत जातो की सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या जागेत जवळजवळ ३०० मीटरांचा फरक पडतो. शर्यतपटू जॅकी स्टुअर्टने त्याला ‘हिरवा नरक’ म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. ‘असेत्तो कोर्सा’ या इटालियन रेसिंग गेममध्ये २०१५ साली हा ट्रॅक लेझरने मोजून उतरवला गेला. त्यामुळे डांबरावरचे बारीकसारीक उंचवटेही तिथे स्टिअरिंगमधून हाताला जाणवतात.

माझ्या कित्येक रात्री या ट्रॅकवर गेल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा एकाच वळणापायी. श्वेडनक्रॉइत्स नावाचं अतिवेगवान डावं वळण संपलं की लगेच ब्रेक दाबून आरेमबर्गच्या आवळलेल्या उजव्या वळणात शिरायचं असतं. माझी गाडी तिथे वळतच नव्हती. स्टिअरिंग फिरवलेलं, पुढची चाकं किंचाळतायत आणि नाक मात्र सरळ कडेच्या गवताकडे. रिप्लेमध्ये पाहिलं तर गाडी वळणात बरीच कलंडत होती. मला वाटलं, हेच दुखणं असणार. सेटअपच्या पडद्यावर जाऊन पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलंडणं रोखणारी दांडी, दोन पायऱ्या घट्ट केला. गाडीचं कलंडणं कमी झालं, दिसायला ती कशी ताठ, चपळ वाटू लागली, आणि नाक आधीपेक्षाही बाहेर जायला लागलं.

मग उलटं केलं. तोच बार मूळच्यापेक्षाही सैल केला. गाडी जास्त कलंडली आणि सुरेख वळली.

हे असं का होतं, ते कळल्यावर मला ट्यूनिंगचा अख्खा पडदाच वेगळा दिसू लागला. तीस-चाळीस आकड्यांच्या त्या गर्दीमागे खरं तर एकच प्रश्न असतो: गाडीचं वजन या क्षणी कोणत्या टायरवर किती आहे?

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी साधारण तळहाताएवढी जागा. वेग वाढवणं, ब्रेक लागणं, वळणं, सगळं या चार तळहातांएवढ्या रबरातूनच व्हायचं असतं. आता हिशेबासाठी १२०० किलोची एक गाडी घेऊ. वजन चारही चाकांवर सारखं, प्रत्येकी ३०० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, डाव्या-उजव्या चाकांत दीड मीटर अंतर. ही गाडी इतक्या जोरात वळतेय की बाजूचा रेटा तिच्या वजनाएवढाच आहे. अशा वेळी आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकेल? उंची भागिले रुंदी, म्हणजे एक तृतीयांश. १२०० चा एक तृतीयांश, ४०० किलो. बाहेरच्या दोन चाकांवर मिळून १००० किलो, आतल्या दोघांवर उरले २००.

या हिशेबात स्प्रिंग कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. अँटी-रोल बारही आला नाही. स्प्रिंगा कितीही कडक करा, हे ४०० किलो सरकणारच. गाडी कलंडल्यामुळे वजन सरकतं, हा समज फार पसरलेला आहे. कलंडण्याने गुरुत्वमध्य जरासा बाहेर जातो आणि त्यामुळे थोडा फरक पडतो, पण बहुतेक सगळं वजन नुसत्या वळण्यामुळे सरकतं. पूर्ण ताठ असलेल्या गो-कार्टमध्येही ते सरकतं.

मग बार करतो काय? हे ४०० किलो पुढच्या जोडीने किती झेलायचे आणि मागच्या जोडीने किती, ते तो ठरवतो. जी जोडी जास्त ताठ, तिच्या पदरात जास्त.

इथे रबराचा एक स्वभाव आडवा येतो. शाळेत आपण शिकतो की दाब दुप्पट केला की घर्षणही दुप्पट होतं. रबर हा नियम नीट पाळत नाही. रस्त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि मऊ रबर त्या खाचांत दाबलं जातं. सुरुवातीचा दाब बराच नवा स्पर्श मिळवून देतो. खाचा जसजशा भरत जातात, तसतशी पुढच्या प्रत्येक किलोची कमाई घटत जाते. म्हणून टायरवर वजन वाढलं की पकड वाढते खरी, पण वजनाच्या मानाने कमी.

सोयीसाठी आकडे धरू. ३०० किलोवर टायरची पकड वजनाच्या १.१० पट, १०० किलोवर १.२० पट, ५०० वर १.००, ६०० वर ०.९५. पुढच्या आणि मागच्या जोडीने २००-२०० किलो वाटून घेतले, तर पुढच्या चाकांवर ५०० आणि १०० किलो येतात. पकड ५०० अधिक १२०, म्हणजे ६२०. मागेही तेवढीच. गाडी समतोल. आता मी आरेमबर्गला केलं तसं पुढचा बार घट्ट करू. समजा पुढची जोडी ४०० पैकी ३०० किलो झेलू लागली. बाहेरच्या चाकावर ६००, आतलं चाक जवळजवळ हवेत. पकड उरली ५७०. मागे मात्र ४०० आणि २०० किलो, आणि याच चालीने पकड ६५०. पुढची चाकं आधी हात टेकतात, नाक बाहेर जातं. गाडी दिसायला चपळ झाली होती आणि पुढच्या टायरांची पकड मीच पन्नासने कमी करून ठेवली होती.

नाक बाहेर जाण्याला अंडरस्टीअर म्हणतात आणि शेपटी सुटण्याला ओव्हरस्टीअर. हे शब्द रुळले ते मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरच्या कामातून. १९३० च्या सुमारास तो अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये आला आणि गाडी खड्ड्यावरून जाताना प्रवाशाला काय जाणवतं याचा त्याने चिकाटीने अभ्यास केला. गेममध्ये स्प्रिंगा निवडताना त्याची एक गोष्ट मला हटकून आठवते. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग क्षणभराने मागच्यांना. दोन्हीकडच्या स्प्रिंगा एकाच तालात हलल्या तर पुढचा भाग खाली येताना मागचा वर जातो आणि गाडी घोड्यासारखी उसळत राहते. मागची बाजू किंचित जलद तालाची ठेवली, तर ती उशिरा सुरू होऊनही पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट राहते. साध्या मोटारीचा हा ताल सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांचा असतो, रेसिंग गाडीचा त्याहून बराच जलद. नॉर्डश्लाइफवर कारुसेल नावाचं काँक्रीटचं तिरपं, सांध्यांनी भरलेलं वळण आहे. तिथे फार कडक गाडी नेली की टायर सांध्या-सांध्यावर उड्या मारतो, आणि हवेत असलेल्या टायरला पकड शून्य. गुळगुळीत ट्रॅकवर उत्तम चालणारा सेटअप इथे म्हणूनच रडवतो.

गेमच्या आत हे सगळं घडतं कसं? टायर रस्त्याला धरतो तो थोडासा घसरूनच. चाकाचं तोंड एकीकडे आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल जराशी दुसरीकडे, यांच्यातल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. तो वाढला की पकड वाढते, साधारण ६ ते १० अंशांच्या आसपास शिखर गाठते आणि नंतर उतरू लागते. ही वक्ररेषा समीकरणात पकडली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या हान्स पाचेइका या प्राध्यापकाने आणि व्होल्वोतल्या सहकाऱ्यांनी. १९८७ साली त्यांनी मांडलेल्या सूत्राला ‘मॅजिक फॉर्म्युला’ म्हणतात, कारण ते भौतिकीच्या मूळ नियमांतून काढलेलं नाही. टायर यंत्रावर चढवून घेतलेल्या मोजमापांवर ते बसतं, आणि विलक्षण नेमकं बसतं. रेसिंग गेममध्ये हेच सूत्र किंवा त्याच घाटणीचं दुसरं एखादं प्रतिरूप वापरतात. ‘आयरेसिंग’मध्ये गाडीचा हिशेब सेकंदाला ३६० वेळा होतो, ‘असेत्तो कोर्सा’मध्ये ३३३ वेळा. आपण पापणी लववतो तेवढ्यात चारही टायरांवरचं वजन आणि पकड कितीदा तरी नव्याने मोजून झालेली असते. मला यातलं सौंदर्य फार मोठं वाटतं: आरेमबर्गला माझी गाडी न वळण्याचं कारण कुणी वेगळं लिहून ठेवलेलं नव्हतं, ते या गणितातून आपोआप उगवलं.

ब्रेकचा हिशेबही याच वळणाने जातो. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरा. वजनाएवढ्या जोराने ब्रेक लागला तर २४० किलो पुढे सरकतात. पुढे ८४०, मागे ३६०. म्हणजे ब्रेकचा साधारण ७० टक्के जोर पुढच्या चाकांवर हवा. पाऊस सुरू झाला, पकड निम्मी झाली, की १२० किलोच सरकतात आणि पुढचा वाटा ६० टक्क्यांवर येतो. म्हणून ओल्या ट्रॅकवर ब्रेक बायस, म्हणजे ब्रेकच्या जोराची पुढे-मागे वाटणी, मागे घ्यायचा. पूर्वी मी हे नुसतं पाठ केलं होतं.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं, वळणात बाहेरच्या टायरला रस्त्यावर सपाट बसवण्यासाठी असतं. फार केलं तर सरळ रस्त्यावर ब्रेक मारताना टायर आतल्या कडेवरच उभा राहतो. टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्याचं तापमान गेम दाखवत असेल, तर हे लगेच कळतं. आतली कड फार तापली तर कॅम्बर जास्त, मधला पट्टा तापला तर हवा जास्त.

वेगाचा भाग निराळा. तिथे शत्रू हवा आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो रेटायला लागणारी ताकद घनाने. २०० च्या जागी २२० चा वेग हवा असेल, तर सुमारे ३३ टक्के जास्त ताकद लागते. इंजिनातून एवढी काढण्यापेक्षा मागच्या विंगचा, म्हणजे हवेच्या जोराने गाडीला खाली दाबणाऱ्या पंखाचा, कोन कमी करणं सोपं, आणि इटलीतल्या मोन्झासारख्या लांब सरळ पट्ट्यांच्या ट्रॅकवर सगळे तेच करतात. पण विंगसारखं दुसरं काही नाही. वजन टाकून टायर दाबला तर ते वजन वळवावंही लागतं. हवेने दाबला तर पकड मिळते आणि वळवायचा बोजा वाढत नाही. १९६६ साली जिम हॉल या अमेरिकन शर्यतपटूने आपल्या शॅपरल २ई या रेसिंग गाडीवर उंच विंग बसवला. त्याचा दाब थेट मागच्या चाकांच्या आधारावर येई, आणि सरळ रस्त्यावर ड्रायव्हर पायाने तो आडवा करू शकत असे. वळणात पकड, सरळ रस्त्यावर वेग. इतकं सरळ आणि सुंदर उत्तर मोटार इंजिनिअरिंगमध्ये क्वचित सापडतं.

पडद्यावरचं हे शिक्षण खऱ्या रस्त्यावर चालतं का, याची परीक्षाही झाली आहे. ‘ग्रान तुरिस्मो’ गेममधल्या खेळाडूंमधून निस्सानने २००८ पासून जीटी अकॅडमी या स्पर्धेत ड्रायव्हर निवडले. पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोनेझ, २०११ च्या फ्रान्समधल्या ल माँ २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात दुसऱ्या क्रमांकाच्या संघात होता.

आरेमबर्ग सुटल्यावर माझी रात्र संपली नाही. पुढचा बार सैल झाल्याने सरकणाऱ्या वजनातला मोठा वाटा आता मागच्या जोडीवर पडत होता, आणि त्याच्या आधीच्या श्वेडनक्रॉइत्सला, दोनशेच्या पुढच्या वेगात, उंचवट्यावर गाडी हलकी होताच शेपटी सुटू लागली. मागचा विंग एक पायरी वाढवला. शेपटी थांबली, पण ट्रॅकच्या शेवटी डॉटिंगर ह्योहेच्या दोन किलोमीटरहून लांब सरळ रस्त्यावर वेग कमी भरला. विंग पूर्ववत केला, बार एक पायरी परत घट्ट केला, मागच्या चाकांची तोंडं केसभर आत वळवली. आरेमबर्गला नाक अजूनही थोडं बाहेर जातं. ते मी तसंच ठेवलं आहे, कारण तिथे वेग कमी असतो आणि श्वेडनक्रॉइत्सला नसतो.