बटणाऐवजी मनगट: हलवून खेळायच्या प्लॅटफॉर्म गेमची पार्श्वभूमी

नव्वदच्या दशकात नागपुरात ज्याच्या घरी ‘टीव्ही गेम’ असायचा, त्याच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत अख्ख्या गल्लीतली पोट्टी जमायची. कूलरसमोर सतरंजी, खिडक्यांना ओढलेले पडदे आणि पाळीपाळीनं मारिओ. मारिओनं खड्ड्यावरून उडी घेतली, की खेळणाऱ्याचे दोन्ही हात रिमोटसकट वर जायचे. वायर ताणली जायची, डबा स्टुलावरून घसरायचा, कॅसेट हलून पडद्यावर नुसत्या चौकटी. मग ओरडा व्हायचा, “हात काऊन उचलून राहिला बे, बटन दाब ना!”

हात उचलल्यानं उडी तसूभरही वाढत नव्हती. ती सगळी बटणावर होती. १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये एक दांडा आणि उडीचं एक बटण, एवढाच कारभार होता. १९८२ साली मारिओ काढणाऱ्या निन्टेंडो कंपनीच्या गुनपेई योकोई यांनी त्या दांड्याच्या जागी अंगठ्याखाली मावणारी अधिकचिन्हाची पट्टी आणली. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बटण जितका वेळ दाबून धराल तितकी उंच उडी. चित्र सेकंदाला साठ वेळा बदलतं, म्हणजे बटण दाबायला किंचित उशीर झाला तरी गडी खड्ड्यात. खड्डे-अडथळे उड्या मारत पार करायच्या या ‘प्लॅटफॉर्म’ गेमचा सगळा जीव असा एका बोटाच्या टोकाशी आहे, आणि पुढची भानगड इथूनच सुरू होते.

त्या उचललेल्या हातांना काहीतरी काम द्यावं, हा विचार जुनाच. १९८९ साली मॅटेल कंपनीनं ‘पॉवर ग्लव्ह’ नावाचा हातमोजा काढला. दिसायला झकास, खेळायला वैताग. खरी गंमत आली २००० साली, जपानमध्ये निघालेल्या ‘कर्बी’च्या एका गेममध्ये. त्यात कल ओळखणारा सेन्सर चक्क कॅसेटमध्येच होता. गेमबॉय कलर हे हातात धरून खेळायचं यंत्र तिरपं केलं की गोलमटोल कर्बी त्या बाजूला घरंगळणार, झटका दिला की हवेत उडणार. ताटलीतली गोटी सांभाळण्याचाच हा खेळ, त्यामुळे शिकवावं लागत नाही. पण त्या यंत्राच्या पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. नेमकं तिरपं करावं तेव्हाच पडद्यावर चकाकी यायची आणि कर्बी दिसेनासा व्हायचा. पुढच्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपीत कॅसेट खालून, उलटी बसायची, त्यामुळे कलाची दिशाही उलटी.

२००६च्या नोव्हेंबरात निन्टेंडोचा ‘वी’ हा टीव्हीला जोडायचा गेम आला. पुढे दहा कोटींहून जास्त विकला गेला. आमच्या मावसभावाकडे तो अमेरिकेतल्या काकांच्या बॅगेतून आला आणि पहिल्याच संध्याकाळी त्याचा अ‍ॅडॉप्टर गेला: तो १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३०. सीताबर्डीहून विटेएवढ्या वजनाचा ट्रान्सफॉर्मर आणि दुसरा अ‍ॅडॉप्टर आणल्यावर कुठे मारिओचं दर्शन घडलं.

वीच्या रिमोटमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, झटका आणि कल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर. दुसरी, पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर ठेवायच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत, पण तिच्यात सेन्सर नव्हताच, रिमोटच्या कॅमेऱ्याला खूण म्हणून नुसते इन्फ्रारेड दिवे होते. त्यांच्याऐवजी दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवल्या तरी काम भागतं. लोडशेडिंगच्या त्या काळात मेणबत्त्या घरोघरी होत्याच, पण लाइन गेली की टीव्हीही जायचा, त्यामुळे ही अक्कल वायाच गेली. उन्हातही इन्फ्रारेड असतंच. टीव्हीमागच्या खिडकीचा पडदा जरा सरकला, की मे महिन्याच्या दुपारी पडद्यावरचा बाण वेड्यासारखा नाचायचा.

आता मुद्द्याचं. २००७चा ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ हा या पद्धतीचा सर्वांत शहाणा गेम, असं माझं मत. उडी बटणावरच ठेवली. रिमोट झटकला की मारिओ गिरकी घेतो, आणि ती हवेत घेतली तर त्याला जरासा उचलून धरते. म्हणजे झटका हा चुकलेली उडी सावरायचा आधार झाला. थोडा मागेपुढे झाला तरी चालून जातो. त्याच गेममध्ये रिमोट उभा धरून मोठ्या चेंडूवर तोल सांभाळायचा असतो. तिथे हात आणि पडदा यांचं इतकं जमतं, की आमची मावशीसुद्धा पदर खोचून उभी राहिली होती.

२०१०चा ‘डाँकी काँग कंट्री रिटर्न्स’ याच्या नेमका उलट. गेम देखणा, ताल धरून रचलेला, अवघडही तितकाच. पण त्यातलं माकड उभं असताना रिमोट हलवला तर ते जमीन बडवतं, चालत असताना हलवला तर कोलांटी मारतं, खाली बसलेलं असताना हलवला तर फुंकर घालतं. एकाच झटक्याची तीन कामं. कड्याच्या टोकाशी जमीन बडवायला जावं आणि अंगठा चुकून दिशेच्या पट्टीवर राहिलेला असला, की माकड कोलांटी मारत थेट दरीत. इथे चूक खेळणाऱ्याची धरायची की गेमची? मी गेमची धरतो. झटका मुळात संपूर्ण हाताची हालचाल. ती सुरू होऊन यंत्राला ‘हा झटकाच आहे’ असं पटेपर्यंत क्षण जातो, आणि अशा गेममध्ये तोच क्षण परवडत नाही. २०१३ साली हा गेम निन्टेंडोच्या हातात धरायच्या ‘थ्रीडीएस’वर आला तेव्हा कोलांटी बटणावर गेली, आणि तो एकदम सरळ वागू लागला.

२००९मध्ये वीच्या रिमोटला जायरोस्कोपची जोड मिळाली होती. त्यानं मनगटाची फिरकी अचूक कळू लागली. तलवार किंवा नेमबाजीच्या खेळांना ती लाभली, उडीला तिचा फारसा उपयोग नव्हता. मोबाइलवर मात्र ‘डूडल जंप’सारख्या गेमनी नुसता कल घेतला, उडी आपोआप होऊ दिली, आणि अडचणच मिटवली.

२०१७च्या ‘सुपर मारिओ ओडिसी’त मारिओची टोपी बटणानंही फेकता येते, पण तिचे काही प्रकार हात झटकल्याशिवाय निघत नाहीत. हा गेम ज्यावर चालतो तो निन्टेंडोचा ‘स्विच’ टीव्हीला जोडलेला असेल तर ठीक. हातात धरून खेळत असाल तर पडद्यासकट सगळं यंत्रच झटकावं लागतं, आणि टोपी कुठे गेली ते हात थांबल्यावर बघायचं. पुतण्या परवा असाच खेळत होता. मी काही बोललो नाही, फक्त त्याच्यासमोरचा चहाचा कप जरा बाजूला सरकवला.