दीर्घकालीन गर्भनिरोधन : वापर चालू ठेवण्याविषयी समुपदेशन

तांबी, हार्मोनयुक्त गर्भाशयसाधन, दंडातली कांडी किंवा ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन वापरणाऱ्या स्त्रीला त्रास झाला, शंका आली वा घरून दबाव आला, तर साधन ठेवायचे की सोडायचे हे तिला समजून-उमजून ठरवता यावे यासाठी आरोग्य कर्मचाऱ्याने साधलेला संवाद. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढले. आज महापालिकेचे दवाखाने, प्रसूतिगृहे आणि के.ई.एम., सायन, नायर ही रुग्णालये हे काम करतात.

हा संवाद साधन बसवण्याआधीच सुरू व्हायला हवा. तांबीने पहिले तीन ते सहा महिने पाळीत जास्त जाते, कळाही येतात. ‘अंतरा’ने आधी अवेळी डाग पडतात, मग अनेकींची पाळी थांबते. हे ठाऊक असलेली बाई वाट पाहते, नसलेली घाबरते. चीन व मेक्सिकोतील अभ्यासांत, रक्तस्रावातील बदलांची आधी नीट कल्पना दिलेल्या स्त्रियांमध्ये इंजेक्शन मध्येच सोडण्याचे प्रमाण कमी आढळले. प्रसूतीनंतर वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, पण त्याची चर्चा गरोदरपणातल्या तपासण्यांतच झालेली असावी. कळा देताना मिळवलेला होकार खरा होकार नव्हे. अशी तांबी निसटण्याचा संभवही जास्त, म्हणून सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नये.

तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीशी सासू-नवऱ्याला बाहेर बसवून बोलावे. किती दिवस जाते, दिवसाला किती पॅड लागतात, चाळीत सामायिक संडास असल्याने अडचण होते का, डाग पडले की घरात बाजूला बसवतात किंवा पूजा-नमाज थांबतो का, हे विचारावे. वैद्यकीयदृष्ट्या किरकोळ असलेले डाग घरात फार जड जातात. ‘होईल कमी’ एवढ्यावर बोळवण करणे हा समुपदेशनातला सर्वात मोठा दोष. हिमोग्लोबिन तपासून गरजेप्रमाणे लोहाच्या गोळ्या द्याव्यात. तांबीच्या त्रासात, आम्लपित्ताचा व्रण किंवा ॲलर्जी नसल्यास, पाळीच्या दिवसांत जेवणानंतर आयबुप्रोफेन ४०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, जास्तीत जास्त पाच दिवस देता येते.

‘पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठते’, ‘तांबी छातीत चढते’ या भीतींना हसू नये. इंजेक्शनमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते, म्हणून बाहेर पडायला रक्तच नसते, हे चित्र काढून दाखवावे. संबंधाच्या वेळी नवऱ्याला तांबीचा धागा टोचत असेल तर तो बहुधा फार आखूड कापलेला असतो, तीन-चार सें.मी. ठेवल्यास तो मऊ होऊन गर्भाशयमुखाभोवती वळतो. धागा सापडत नसल्यास आधी गर्भधारणा तपासावी, मग सोनोग्राफी करावी, तोवर निरोध. ताप, ओटीपोटात तीव्र वेदना, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पाळी चुकणे या लक्षणांत समजूत घालत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे.

‘अंतरा’ दर तीन महिन्यांनी १५० मि.ग्रॅ. स्नायूत देतात, टोचलेली जागा चोळायची वा शेकायची नाही. मुंबईत खंड पडतो तो बहुतेक मे महिन्यात आणि गणपतीत, बाई गावी गेल्यावर. डोस दोन आठवडे आधी घेता येतो आणि चार आठवडे उशिरापर्यंत चालतो, म्हणून तारीख देतानाच ‘ताई, गावी कधी जाणार?’ हा प्रश्न हवा. कार्डावर तांबीचा प्रकारही लिहावा, कारण ‘३८०-ए’ प्रकारची तांबी दहा वर्षे चालते आणि ‘३७५’ प्रकारची पाच. खोली बदलताना कार्ड हरवते, तेव्हा मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवायला सांगावे.

स्त्रीने काढायला सांगितले की साधन काढावे. ‘अजून एक महिना थांबा’ असा आग्रह वारंवार झाला, तर ती पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही आणि शेजारणींनाही तेच सांगते. मूल हवे असल्यास तांबी काढताच दिवस राहू शकतात. ‘अंतरा’नंतर मात्र शेवटच्या डोसपासून सात ते दहा महिने लागू शकतात. मूल नको असेल तर त्याच भेटीत दुसरे साधन द्यावे. तांबी काढण्याची तारीख ठरली की आधीचे सात दिवस निरोध वापरायला सांगावे, कारण शुक्रजंतू शरीरात काही दिवस जिवंत राहतात.