तापातली आकडी आणि रक्तातलं सोडियम

साधारण ६ महिने ते ५ वर्षं वयाच्या लेकराला तापात फिट येते आणि तिच्यामागं मेंदूत इन्फेक्शन वगैरे काही नसतं, तिला तापातली आकडी म्हणतात. शंभरातल्या २ ते ५ पोरांना ती कधीतरी येतेच. कोल्हापुरात पंचगंगेला पाणी चढायला लागलं की घरोघरी सर्दीताप सुरू होतो, अशातच एखाद्या पोराचे डोळे फिरतात, दातखीळ बसते, हातपाय उडायला लागतात आणि घरातलं कुणीतरी नाकाला कांदा नाहीतर चप्पल धरतं. असलं काही करू नका. पोराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका आणि घड्याळ बघा, बहुतेक आकड्या दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात पण ५ मिनिटं झाली तरी चालूच असेल तर १०८ ला फोन करा नाहीतर सरळ सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा.

आता सोडियम, म्हणजे मिठातला एक घटक. रक्तात ते लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल असावं लागतं. आकडीनंतरच्या रिपोर्टवर १३२ आकडा आणि शेजारी खाली जाणारा बाण दिसला की आईवडलांना वाटतं मीठ कमी पडलं म्हणूनच झटका आला. बहुतेक वेळा तसं नसतं. तापात एडीएच नावाचं हार्मोन जास्त सुटतं, ते किडनीला पाणी धरून ठेवायला लावतं, म्हणजे पाहुणे वाढले म्हणून पांढऱ्या रश्श्यात पाणी वाढवलं की तो अळणी लागतो पण मीठ तेवढंच असतं, तसंच हे. एवढी घट नुसत्या तापातही दिसते, आकडी न आलेल्या पोरांतही.

काही अभ्यासांत सोडियम कमी असलेल्या पोरांना त्याच तापात परत आकडी येण्याचं प्रमाण जास्त दिसलं, काहींत असा संबंध सापडलाच नाही, त्यामुळं या आकड्यावरून भविष्य सांगता येत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ च्या मार्गदर्शिकेत साध्या आकडीला, म्हणजे सगळ्या अंगाला आलेली, १५ मिनिटांच्या आत थांबलेली आणि २४ तासांत परत न आलेली, सोडियमची तपासणी सरसकट करू नये असंच म्हटलंय.

पण जुलाब-उलट्या चालू आहेत, पोरगं शुद्धीवर येईना, आकडी लांबली किंवा बाळ ६ महिन्यांच्या आतलं आहे, तर तपासणी पाहिजेच. सोडियम १२५ च्या खाली गेलं की मेंदूच्या पेशी पाणी ओढून फुगतात आणि मग आकडी त्यामुळंच येऊ शकते, ती नेहमीच्या औषधाला नीट दाद देत नाही, तिथं ३ टक्क्यांचं सलाईन लागतं आणि ते दवाखान्यातच, मोजून.

घरी मिठाचं पाणी पाजणं धोक्याचं आहे, सोडियम एकदम वाढलं तरी झटके येतात. जुलाब लागलेल्या पोराला नुसतं पाणी किंवा ग्लुकोज पाजत राहणंही बरोबर नाही. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात टाका, त्यात लिटरला ७५ मिलिमोल सोडियम बसतं. अर्धी पुडी अंदाजानं ग्लासात घातली की हे माप बिघडतं.